चिकणमातीने पाण्यातला रंग काढताना: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

पंचगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला रंगीत सांडपाणी म्हणजे काय, हे चित्र दाखवून सांगावे लागत नाही. इचलकरंजीत यंत्रमागांच्या जोडीने सूत आणि कापड रंगवणारी प्रोसेस हाऊस आहेत, आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत, लोखंड ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत. या दोन धंद्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण साच्याची वाळू बांधून धरण्यासाठी फाउंड्रीत जी बेंटोनाइट माती वापरतात, तीच माती पाण्यातला ठरावीक प्रकारचा रंग इतक्या झपाट्याने उचलते की पहिल्यांदा पाहणारा थक्क होतो. इतकेच काय, वापरून झालेल्या वाळूत अजून किती कामाची माती शिल्लक आहे हे पाहण्यासाठी फाउंड्रीच्या प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंगच वापरतात. माती जितका जास्त रंग पकडेल, तितकी ती चांगली. धंद्यात रोज वापरली जाणारी ही चाचणी उलट बाजूने पाहिली, की रंग काढण्याचा प्रयोग हाती येतो.

शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थी, त्यांना प्रकल्पासाठी मदत करणारे शिक्षक आणि सांडपाण्याचा प्रश्न स्वतःच्या हाताने समजून घेऊ इच्छिणारे नागरिक यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हा प्रयोग अनेक वर्षे विद्यार्थ्यांकडून करून घेत आलो आहे. त्या अनुभवातून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण ती न कळल्यामुळे बहुतेक प्रकल्प भलत्या दिशेला जातात: माती रंग उचलते ती विजेच्या प्रभारामुळे, म्हणून हातात कोणता रंग आहे हे आधी ओळखावे आणि माती मागाहून निवडावी.

माती रंग का धरते

चिकणमातीचा कण चिरोट्यासारखा असतो, म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. बेंटोनाइटमधील मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट हे आहे, आणि त्याच्या पापुद्र्यात ॲल्युमिनिअमच्या काही जागा मॅग्नेशिअमने घेतलेल्या असतात. ॲल्युमिनिअमच्या आयनावर तीन धन प्रभार असतात, मॅग्नेशिअमच्या आयनावर दोनच. त्यामुळे प्रत्येक अशा जागी एक ऋण प्रभार उघडा पडतो. तो भागवण्यासाठी पापुद्र्यांच्या मधल्या फटीत सोडिअम किंवा कॅल्शिअमचे आयन येऊन बसतात, पण ते पक्के बांधलेले नसतात. पाण्यात धन प्रभाराचा रंगाचा रेणू आला, की तो सोडिअमला बाजूला सारून त्याची जागा घेतो. या क्रियेला आयनांची अदलाबदल म्हणतात, आणि पदार्थाच्या पृष्ठभागावर रेणू अशा रीतीने धरून ठेवण्याला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी शोषतो तसे हे नाही. इथे प्रत्येक जागा मोजलेली असते आणि जागा भरल्या की माती भरली.

जागा मोजलेल्या असल्यामुळे माती किती रंग धरू शकेल याचा अंदाज प्रयोगाआधीच कागदावर काढता येतो. चांगल्या बेंटोनाइटची अदलाबदल-क्षमता दर 100 ग्रॅमला साधारण 70 ते 100 मिलीइक्विव्हॅलंट असते, म्हणजे एकेरी धन प्रभाराच्या तितक्या मिलीमोल आयनांना जागा असते; मिथिलीन ब्लूही एकेरी प्रभाराचाच. ती 80 धरली, तर एका ग्रॅममध्ये 0.8 मिलीमोल रंगाला जागा आहे. मिथिलीन ब्लूचे रेणुवस्तुमान जवळपास 320 असल्याने 0.8 गुणिले 320, म्हणजे एक ग्रॅम माती सुमारे 256 मिलिग्रॅम रंग धरेल. स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाइतका रंग! हाच हिशेब केओलिनसाठी केला तर चित्र पालटते. केओलिन म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांची पांढरी माती. तिची क्षमता 3 ते 15 च्या दरम्यान असते. 5 धरली तर एक ग्रॅम केओलिन जेमतेम 16 मिलिग्रॅम रंग धरेल. दोन्हींना आपण चिकणमातीच म्हणतो, पण त्यांच्या ताकदीत पंधरा-सोळा पटींचा फरक पडतो.

पहिली पायरी: रंगाची जात ओळखणे

मिथिलीन ब्लू, क्रिस्टल व्हायोलेट, मॅलाकाइट ग्रीन हे धन प्रभाराचे रंग आहेत. धंद्यात त्यांना बेसिक डाय म्हणतात आणि ते प्रामुख्याने ॲक्रिलिक धाग्यासाठी वापरले जातात. सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह आणि डायरेक्ट रंग तसेच लोकर, रेशीम आणि नायलॉनसाठी वापरले जाणारे ॲसिड रंग ऋण प्रभाराचे असतात. मातीही ऋण आणि रंगही ऋण असेल तर दोघे एकमेकांना दूर ढकलतात, आणि प्रयोग फसतो. सुती कापडाच्या प्रोसेसमधील सांडपाण्यात मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग असतात, ही आपल्या भागातील अडचणीची खरी मेख आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

अनोळखी रंग हाती आला तर चाचणी सोपी आहे. एका पारदर्शक बाटलीत फिकट रंगाचे पाणी घ्यावे, त्यात भिजवलेल्या बेंटोनाइटचे दोन-तीन चमचे घालून मिनिटभर हलवावे आणि रात्रभर निवळू द्यावे. रंग साक्यात उतरला आणि वरचे पाणी फिके झाले तर रंग धन प्रभाराचा. साका मातकटच राहिला आणि वरचे पाणी तसेच रंगीत राहिले तर रंग ऋण प्रभाराचा किंवा प्रभारहीन समजावा. रंगपंचमीनंतर बादलीत उरलेल्या पाण्यावर ही चाचणी मुलांकडून अवश्य करून घ्यावी, कारण वेगवेगळ्या पुड्यांचे रंग वेगवेगळे वागतात आणि मुलांना प्रभाराची कल्पना व्याख्येपेक्षा त्यावरून लवकर पटते.

शिकण्यासाठी मात्र मिथिलीन ब्लूनेच सुरुवात करावी. 1876 साली जर्मनीत हाइनरिश कारो यांनी तो पहिल्यांदा तयार केला. आज तो प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात पूड म्हणून मिळतो आणि माशांच्या औषधासाठी मत्स्यटाक्यांच्या दुकानात द्रव स्वरूपातही मिळतो. मोजमाप करायचे असेल तर पूडच घ्यावी, कारण दुकानातील द्रवात रंगाचे प्रमाण किती आहे याची खात्री नसते. पूड हाताळताना हातमोजे आणि जुने कपडे घालावेत. चिमूटभर पूड उडाली तरी ओट्यावर, नखांत आणि कपड्यांवर दिवसचे दिवस डाग राहतात.

दुसरी पायरी: माती निवडणे आणि तयार करणे

बेंटोनाइट मिळवणे अवघड नाही. फाउंड्रीला माल पुरवणाऱ्यांकडे ते पोत्याने मिळते, आणि विजेच्या अर्थिंगच्या खड्ड्यात भरण्यासाठी लागत असल्याने इलेक्ट्रिकल सामानाच्या दुकानातही मिळते. आपल्याकडे येणारे बेंटोनाइट बहुधा गुजरातमधील कच्छचे किंवा राजस्थानातील बाडमेरचे असते. अर्थिंगसाठीच्या पुडीत मीठ किंवा कोळशाची भुकटी मिसळलेली नाही ना, हे पिशवीवर वाचून घ्यावे. मुलतानी मातीही चालते आणि ती किराणा दुकानात मिळते, पण सुगंध किंवा इतर काही घातलेली सौंदर्यप्रसाधनाची पुडी घेऊ नये. मूर्तीसाठीच्या शाडूत कोणती खनिजे किती आहेत हे ती कोणत्या खाणीतून आली त्यावर अवलंबून असते, म्हणून शाडूबद्दल प्रयोगाआधी काही गृहीत धरू नये.

शेतातील काळी माती वापरून पाहावी, असे मी प्रत्येक गटाला आग्रहाने सांगतो. उन्हाळ्यात जिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात जी फुगून पायाला लोळ्यांनी चिकटते, ती बेसॉल्टपासून बनलेली दख्खनची काळी माती माँटमोरिलोनाइटच्याच कुळातील खनिजांनी भरलेली आहे. भेगा पडणे आणि रंग धरणे या दोन्ही गुणांचे मूळ तेच पापुद्रे आहेत. मात्र शेतातील मातीत वाळू, काडीकचरा, खतांचे अंश आणि चुनखडीचे खडे असतात. त्यामुळे ती आधी वेगळी करावी लागते. माती पाण्यात कालवून जाड चाळणीतून काढावी आणि उंच बरणीत ढवळून स्थिर ठेवावी. वाळू क्षणात तळाशी जाते, पोयटा त्यानंतर बसतो आणि खरी चिकणमाती तरंगत राहते. दोन मायक्रॉनचा कण स्थिर पाण्यात 20 अंश तापमानाला 10 सेंटिमीटर खाली उतरायला साधारण 8 तास घेतो. म्हणून 8 तासांनी वरचे 10 सेंटिमीटर गढूळ पाणी नळीने हळूच ओढून घ्यावे आणि ते पसरट ताटात उन्हात वाळवावे. उरलेल्या पापडीत चुना आहे का हे पाहण्यासाठी तिच्या तुकड्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर चुना आहे. मग ती माती व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवून तीन-चार पाण्यांनी धुवावी.

कोणतीही माती वापरली तरी ती वाळवून खलात कुटून वस्त्रगाळ करावी. ओव्हन असल्यास 105 अंशांवर वाळवणे उत्तम. भट्टीत भाजू मात्र नये, कारण उच्च तापमानाला पापुद्रे कायमचे मिटतात. फुटक्या मडक्याची पूड म्हणूनच या कामाला फारशी येत नाही. कुटताना आणि चाळताना नाकातोंडाला मास्क लावलाच पाहिजे. मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसाला घातक असते.

तिसरी पायरी: मातीची कालवण आणि रंगाचे द्रावण

नवशिक्यांची सर्वांत मोठी अडचण वजनाची असते. प्रत्येक बाटलीत 20 किंवा 40 मिलिग्रॅम माती घालायची म्हटले तर घरच्या किंवा शाळेच्या तराजूवर ते शक्य नाही. त्यावर उपाय असा: 10 ग्रॅम कोरडी माती मोजून घ्यावी आणि ती थोड्या पाण्यात मिसळून एकूण 1 लिटर कालवण करावी. आता कालवणीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम माती आहे, आणि ती साध्या इंजेक्शनच्या सिरिंजने, सुई न लावता, हवी तेवढी मोजून घेता येते. बेंटोनाइटवर पाणी ओतले तर बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या अशा गुठळ्या होतात व त्या तासन्‌तास फुटत नाहीत. पिठल्यासाठी बेसन पेरतात तशी माती फिरत्या पाण्यात हळूहळू पेरावी, रात्रभर भिजू द्यावी आणि दरवेळी सिरिंज भरण्याआधी बाटली जोराने हलवावी, नाहीतर पहिल्या मापात पाणी आणि शेवटच्या मापात गाळ येईल.

रंगासाठी 1 ग्रॅम मिथिलीन ब्लू 1 लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून मूळ द्रावण करावे. त्याच्या 10 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम रंग असतो. नळाचे किंवा बोअरचे पाणी इथे टाळावे, कारण जड पाण्यातील कॅल्शिअम मातीवरच्या त्याच जागांसाठी रंगाशी स्पर्धा करते. ऊर्ध्वपातित पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते.

चौथी पायरी: पाच बाटल्यांचा प्रयोग

सारख्या आकाराच्या पाच काचेच्या बाटल्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत साधारण 150 मिलिलिटर पाणी व मूळ द्रावणाचे 10 मिलिलिटर घालावे. पहिल्या बाटलीत माती घालू नये. पुढच्या चार बाटल्यांत अनुक्रमे 2, 4, 8 आणि 16 मिलिलिटर कालवण घालावी, म्हणजे 20, 40, 80 आणि 160 मिलिग्रॅम माती जाईल. त्यानंतर सर्व बाटल्या पाण्याने बरोबर 200 मिलिलिटरपर्यंत भराव्यात, म्हणजे प्रत्येकीत सुरुवातीचे प्रमाण लिटरला 50 मिलिग्रॅम होईल आणि जास्त कालवण घातल्यामुळे पाणी वाढून रंग फिका दिसला, असा आक्षेप उरणार नाही. बूच लावून सर्व बाटल्या सारख्याच, अर्धा तास, अधूनमधून हलवत ठेवाव्यात. खरे तर बरेचसे काम पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच उरकते, पण केओलिन किंवा शेतातील मातीशी तुलना करायची असल्याने वेळ सर्वांना सारखा द्यावा.

आता बाटल्या रात्रभर हलवू नयेत. सकाळी जे दिसते ते नीट पाहण्यासारखे असते. 2 मिलिलिटरच्या बाटलीत पाणी अजून गर्द निळे असते, कारण 20 मिलिग्रॅम मातीत 5 मिलिग्रॅमच्या आसपासच रंग मावतो. 8 मिलिलिटरच्या बाटलीत वरचे पाणी जवळजवळ रंगहीन असते आणि तळाशी कापसाच्या पेळूसारखा भुसभुशीत साका बसलेला असतो. साक्याचा रंग निळा राहत नाही. तो जांभळाच्या गराकडे झुकतो. रंगाचे रेणू मातीच्या पृष्ठभागावर एकमेकांना खेटून बसले, की त्यांचा गट वेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि निळ्याचा जांभळा होतो. रंग पृष्ठभागावर दाटीने बसला आहे याची डोळ्यांना दिसणारी खूण याहून चांगली नाही. 16 मिलिलिटरच्या बाटलीत मात्र पाणी निवळण्याऐवजी धुरकट राहण्याची शक्यता असते. तिथे माती जास्त असल्याने तिचा ऋण प्रभार पुष्कळ शिल्लक राहतो, कण एकमेकांना ढकलत राहतात आणि खाली बसत नाहीत. जास्त माती म्हणजे जास्त स्वच्छ पाणी, हा समज इथेच सुटतो. अशा बाटलीत तुरटीच्या 1 टक्का द्रावणाचा 1 मिलिलिटर घालून हळू ढवळल्यास पाणी सहसा निवळते. रांजणात तुरटी फिरवण्यामागचे शास्त्र हेच आहे.

गाळण्याची चूक

इथे मी स्वतः केलेली चूक सांगितली पाहिजे, कारण ती अजूनही अनेक प्रकल्पवह्यांत मला दिसते. पहिल्या वर्षी रात्रभर थांबायचा कंटाळा आला म्हणून आम्ही पाणी दुहेरी सुती फडक्यातून आणि मग गाळणकागदातून गाळले. आलेले पाणी सुंदर होते, 40 मिलिग्रॅम मातीलासुद्धा उत्कृष्ट निकाल मिळाला आणि तो आम्ही आनंदाने वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने माती न घातलेली बाटलीही तशीच गाळून पाहिली, आणि तिचे पाणीही बरेच फिके झाले. सुती कापड आणि गाळणकागद हे दोन्ही सेल्युलोजचे, आणि मिथिलीन ब्लू सेल्युलोजलाही चिकटतो. मातीच्या खात्यावर आम्ही फडक्याचे काम जमा केले होते. त्या दिवसापासून माझ्याकडे दोन नियम आहेत: मातीविना एक कोरी बाटली प्रत्येक पायरीतून गेलीच पाहिजे, आणि पाणी गाळायचे नाही, निवळू द्यायचे किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचे. वरचे पाणी सिरिंजने साक्याला धक्का न लावता काढावे. रंग काचेलाही थोडा धरतो, त्यामुळे वापरलेल्या बाटल्या नुसत्या पाण्याने न धुता स्पिरिटने खंगाळाव्यात.

पाचवी पायरी: उरलेला रंग मोजणे

उपकरण नसेल तर रंगांची शिडी करावी. मूळ द्रावण पातळ करून लिटरला 1, 2, 5, 10, 20 आणि 50 मिलिग्रॅमची द्रावणे सारख्या नळ्यांत भरावीत, खाली पांढरा कागद ठेवावा आणि वरून डोकावून नमुना कोणत्या पायरीशी जुळतो ते पाहावे. डोळ्याला फिक्या रंगांतील फरक गर्द रंगांपेक्षा चांगला कळतो, म्हणून गर्द नमुना मोजून पातळ करून जुळवावा आणि आलेला आकडा तितक्या पटीने वाढवावा. कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणारे यंत्र, उपलब्ध असल्यास 664 नॅनोमीटरवर वाचन घ्यावे. लिटरला 5 मिलिग्रॅमपेक्षा गर्द नमुना इथेही पातळ करूनच ठेवावा, कारण त्यापुढे वाचन सरळ रेषेत वाढत नाही. धुरकट पाणी यंत्राला रंगीत वाटते, त्यामुळे न निवळलेला नमुना यंत्रात ठेवण्यात अर्थ नाही.

हिशेब असा करावा: सुरुवातीच्या प्रमाणातून उरलेले प्रमाण वजा करावे, त्याला लिटरमधील आकारमानाने गुणावे आणि ग्रॅममधील मातीच्या वजनाने भागावे. समजा 80 मिलिग्रॅमच्या बाटलीत लिटरला 1 मिलिग्रॅम रंग उरला. 50 वजा 1 म्हणजे 49, गुणिले 0.2 लिटर म्हणजे 9.8 मिलिग्रॅम रंग मातीवर गेला, भागिले 0.08 ग्रॅम म्हणजे एका ग्रॅमला 122.5 मिलिग्रॅम. हा आकडा मातीची कमाल क्षमता दाखवत नाही, कारण या बाटलीत रंग संपला, जागा संपल्या नाहीत. कमाल क्षमता 20 मिलिग्रॅमच्या बाटलीवरून जवळपास कळते. टक्केवारी आणि क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रकल्पाच्या अहवालात दोन्ही लिहाव्यात. नुसते "98 टक्के रंग गेला" हे वाक्य माती किती आणि रंग किती होता हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. पुढे शिकायचे असेल तर अर्व्हिंग लँगम्युअर यांनी 1918 साली मांडलेले समीकरण अभ्यासावे. पृष्ठभागावर ठरावीक जागा आहेत आणि एका जागी एकच रेणू बसतो, ही आपण वर वापरलेली कल्पनाच त्याच्या मुळाशी आहे.

सहावी पायरी: प्रोसेसच्या खऱ्या सांडपाण्याकडे

मिथिलीन ब्लूवरचे यश पाहून विद्यार्थी लगेच नाल्याचे पाणी आणायला निघतात. त्यांना अडवू नये, पण काय दिसणार आहे याची तयारी करून पाठवावे. प्रोसेसचे पाणी हातमोज्यांशिवाय हाताळू नये, आणि कोणाच्याही आवारात शिरून ते घेऊ नये. त्याऐवजी रंगाच्या दुकानातून थोडा रिॲक्टिव्ह काळा किंवा लाल रंग आणून त्याचेच द्रावण करणे मला अधिक योग्य वाटते. बाजारातील या पुडीत रंगाबरोबर मीठही असते, म्हणून तिच्या वजनावरून काढलेले प्रमाण ढोबळच समजावे.

याच पाच बाटल्यांचा प्रयोग रिॲक्टिव्ह रंगावर केला तर सकाळी पाचही बाटल्या जवळजवळ सारख्या दिसतात. पुष्कळ मुले इथे हिरमुसतात. मला मात्र हा निकाल पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. सुती कापडाच्या रंगाईत रंगाचा बराच भाग कापडाला न चिकटता पाण्याबरोबर जातो. शिवाय रंग धाग्याकडे ढकलण्यासाठी त्या पाण्यात भरपूर मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट आणि तो पक्का करण्यासाठी सोडा ॲश घातलेला असतो. म्हणजे ऋण प्रभाराचा रंग, अल्कलीयुक्त पाणी आणि वर मीठ: साध्या बेंटोनाइटच्या दृष्टीने तिन्ही गोष्टी प्रतिकूल आहेत.

यावर तीन मार्ग वापरून पाहता येतात. पहिला मार्ग लाल मातीचा. कोकणातील जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडे असतात आणि पाणी आम्लधर्मी केले तर त्यांच्या पृष्ठभागावर धन प्रभार येतो. त्यावर ऋण प्रभाराचे रंग काही प्रमाणात बसतात. व्हिनेगरने सामू (pH) 4 च्या आसपास आणून ही तुलना करण्यासारखी आहे, पण क्षमता कमी असते. दुसरा मार्ग माती आणि तुरटी एकत्र वापरण्याचा. तुरटीतील ॲल्युमिनिअमचे गोळे रंगाला पकडतात आणि माती त्या गोळ्यांना वजन देऊन लवकर खाली बसवते; सांडपाणी केंद्रांत तुरटी, फेरस सल्फेट, चुना यांचा वापर होतो तो याच तत्त्वावर. तिसरा मार्ग मातीचा प्रभारच उलटवण्याचा आहे. बेंटोनाइटच्या कालवणीत सीटॅब नावाचे धन प्रभाराचे साबणासारखे रसायन घातले, की ते पापुद्र्यांवर थराने बसते आणि तीच माती रिॲक्टिव्ह रंग उचलू लागते. मातीच्या सगळ्या जागा एकदा भरायच्या तर 80 मिलीइक्विव्हॅलंटच्या 100 ग्रॅम बेंटोनाइटला सुमारे 29 ग्रॅम सीटॅब लागते. निकाल खरोखर प्रभावी असतो, पण न चिकटलेले सीटॅब पाण्यात राहिले तर ते माशांना विषारी असते, म्हणून तयार माती फेस येणे पूर्ण थांबेपर्यंत धुतलीच पाहिजे. रंग काढण्यासाठी दुसरे विष पाण्यात सोडण्यात काही अर्थ नाही. या मार्गावर शिक्षकांच्या देखरेखीशिवाय जाऊ नये.

कोणताही मार्ग घेतला तरी मीठ पाण्यातच राहते. तमिळनाडूतील तिरुपूर येथे नोय्यल नदीच्या प्रदूषणावरून मद्रास उच्च न्यायालयाने 2011 साली डाईंग युनिटे बंद करण्याचा आदेश दिला, त्या वादात मिठाच्या प्रश्नालाही मोठी जागा होती. पाणी रंगहीन दिसले तरी ते पिण्यायोग्य किंवा शेतीयोग्य झाले असे समजू नये. निवळलेले पाणी चवीसाठी जिभेला लावण्याचा मोह मुलांना होतो. तो तिथल्या तिथे थांबवावा.

मोठ्या प्रमाणाचा हिशेब आणि साक्याचे काय करायचे

आपल्या बाटलीवरून टाकीचा अंदाज करणे हा प्रत्येक प्रकल्पाचा भाग असायला हवा. लिटरला 50 मिलिग्रॅम बेसिक रंग असलेल्या 1000 लिटर पाण्यात 50 ग्रॅम रंग असतो. ग्रॅमला 100 मिलिग्रॅम अशी सावध क्षमता धरली तर अर्धा किलो कोरडी माती पुरते, आणि हे ऐकायला फारच स्वस्त वाटते. पण बेंटोनाइटचा साका पाणी धरून ठेवतो. त्यात घन भाग 5 टक्के असेल तर अर्ध्या किलो मातीचा 10 किलो ओला, रंगीत गाळ होतो. दिवसाला 1 लाख लिटर पाणी असेल तर रोज 1 टन. मातीची किंमत क्षुल्लक आहे. खर्च आणि डोकेदुखी या गाळाची आहे. ॲक्रिलिक धागा रंगवणाऱ्या लहान युनिटमध्ये, थोड्या पण गर्द पाण्यासाठी, माती उपयोगी पडू शकते असे माझे मत आहे. संपूर्ण नाल्यासाठी ती उत्तर आहे असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही.

माती रंगाचा नाश करत नाही, त्याला फक्त एका जागी गोळा करते. तो साका शेतात, बागेत किंवा गटारात टाकला तर खारट किंवा आम्लधर्मी पाण्याच्या संपर्कात त्यातील काही रंग परत सुटू शकतो आणि केलेले सगळे काम वाया जाते. कारखान्यातील अशा गाळाची विल्हेवाट घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांप्रमाणे अधिकृत केंद्रातच लावावी लागते. प्रयोगातला साका मात्र थोडासाच असतो: तो पसरट प्लास्टिकच्या ताटात सावलीत पूर्ण वाळवावा, त्याची पापडी झाली की ती पूड न करता तशीच झाकणाच्या बरणीत भरावी, बरणीवर रंगाचे नाव, मातीचे नाव आणि तारीख लिहावी आणि महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्याबरोबर द्यावी. उरलेल्या मूळ द्रावणातही हिशेबाने पुरेल इतकी कालवण घालून रंग मातीवर उतरवावा आणि तो साकाही त्याच बरणीत जमा करावा. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात अशा जांभळ्या पापड्यांच्या बरण्यांची रांग आहे, आणि नवीन गटाला कालवण करायला सांगण्याआधी मी ती रांग दाखवतो.